मानसोपचारात गटाने व्यायाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मानसोपचार ओपीडीला जोडून सकाळचा व्यायामगट चालतो. शुभार्थी (आजारातून जाणारी व्यक्ती) आणि शुभंकर (तिची काळजी घेणारे घरचे) त्याबद्दल फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ओपीडीच्या बाकावर बसून जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. हवं ते उत्तर थेट वाचा. जिथे दोन प्रश्न एकमेकांत शिरतात तिथे दुसऱ्याचा क्रमांक दिला आहे. औषधांत कुठलाही बदल करायचा तर तो तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.

१. व्यायामाने मानसिक आजारात खरंच फरक पडतो का? की डॉक्टर आपलं सांगायचं म्हणून सांगतात?

फरक पडतो, आणि सगळ्यात जास्त पुरावा नैराश्याच्या बाबतीत आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लूमेन्थल आणि सहकाऱ्यांनी पन्नाशी गाठलेल्या आणि त्यापुढच्या १५६ नैराश्यग्रस्तांचा अभ्यास केला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. काहींना सर्ट्रालिन ही गोळी दिली, काहींना आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली गटाने व्यायाम आणि काहींना दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्हीकडची सुधारणा साधारण सारखी होती, मात्र गोळीचा गुण लवकर दिसला. २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने २१८ अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला, त्यात १४ हजारांहून जास्त लोक होते. चालणं-धावणं, योग आणि स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम यांचा नैराश्यात मध्यम स्वरूपाचा फायदा दिसला. त्यातल्या बहुतेक अभ्यासांत पद्धतीच्या उणिवा होत्या, हेही त्याच आढाव्यात नोंदवलं आहे. म्हणून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका, पण उपयोग नाही असंही समजू नका.

स्किझोफ्रेनियासाठी (भ्रम-भास होणारा आजार) प्रश्न ९ पाहा.

२. म्हणजे व्यायाम नियमित केला तर गोळ्या बंद करता येतील?

नाही. मनाने तर मुळीच करू नका. वरच्या अभ्यासाचा दाखला देऊन बरेच जण हे विचारतात. त्यातले लोक स्वतःहून व्यायामाला तयार झालेले होते, आणि आत्महत्येचा तातडीचा धोका किंवा भ्रम-भास असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं. तुमच्या घरचा माणूस त्यांच्यासारखाच असेल असं नाही. सौम्य नैराश्यात काही वेळा डॉक्टर स्वतःच गोळीऐवजी समुपदेशन आणि व्यायामाने सुरुवात करतात, पण ते ठरवणं त्यांचं काम.

गोळ्या एकदम थांबवल्या तर नैराश्याच्या काही औषधांनी चक्कर, मळमळ, चिडचिड, विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असा त्रास होतो. बायपोलर आजारावरचं (कधी उन्माद, कधी नैराश्य) लिथियम अचानक बंद केलं तर उन्माद, म्हणजे अतिउत्साहाचा टप्पा, उसळू शकतो. आमच्या गटात व्यायाम ही जोड आहे. गोळी घेतली नसेल तर "आज नको" म्हणून कोणाला परत पाठवत नाही, पण ती का चुकली हे विचारल्याशिवायही राहत नाही.

३. घरी एकट्याने चाललं तर चालणार नाही का? गटच कशाला हवा?

एकट्याने होत असेल तर उत्तमच. ब्लूमेन्थल यांच्याच २००७ च्या अभ्यासात २०२ जण होते. गटात व्यायाम करणाऱ्यांपैकी ४५ टक्के नैराश्यातून बाहेर आले, घरी करणाऱ्यांपैकी ४० टक्के, गोळी घेणाऱ्यांपैकी ४७ टक्के आणि औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी ३१ टक्के. म्हणजे घरचा व्यायाम फार मागे नव्हता.

पण नुसत्या सांगण्याने काय होतं तेही पाहा. इंग्लंडमध्ये ३६१ नैराश्यग्रस्तांवरचा एक अभ्यास २०१२ साली आला. त्यात प्रशिक्षित माणूस भेटून आणि फोन करून लोकांना हालचाल वाढवायला प्रोत्साहन देत होता. लोक थोडे जास्त हलू लागले, पण त्यांचं नैराश्य नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त उतरलं नाही. "रोज फिरायला जात जा" हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक केसपेपरवर असतं, आणि पेशंट ते घडी घालून खिशात ठेवतो. ज्याला उठून दात घासणं जड जातं त्याला सल्ल्याची कमतरता नसते. सात वाजता गेटपाशी कोणीतरी आपली वाट पाहतंय, न गेलो तर विचारणार आहे, याने पाय घराबाहेर पडतो. शिवाय गटात कोणी "कसं वाटतंय?" असं खोदून विचारत नाही. शेजारी शेजारी चालताना बोलणं आपसूक निघतं, नाही निघालं तरी कोणाचं बिघडत नाही. महिनोन् महिने घरात कोंडलेल्या माणसाला माणसांत राहण्याचा सराव याहून सोप्या वाटेने मिळालेला मी पाहिलेला नाही.

४. गटात नेमकं काय करतात? किती वेळ, किती दिवस?

ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२२ च्या नैराश्यविषयक मार्गदर्शनात गटव्यायाम हा स्वतंत्र उपचारपर्याय आहे: साधारण ८ जणांचा गट, आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा, १० आठवडे, आणि शिकवणारा प्रशिक्षित. आम्ही साधारण तोच साचा ठेवला आहे, फक्त १० आठवड्यांनंतर कोणाला जा म्हणत नाही.

सुरुवातीला हातपाय मोकळे करायचे, मग अर्धा तास मुख्य व्यायाम, मग वेग हळूहळू कमी करायचा. शेवटी चहा. चहाला वेळ जातो अशी तक्रार एकदा आली होती, तरी तो बंद केला नाही, कारण पुष्कळ जण पहिल्यांदा बोलतात ते त्याच वेळी. जोर किती लावायचा याची खूण सोपी आहे: व्यायाम करताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तिथपर्यंत पोचायला महिने लागले तरी चालतील. दहा मिनिटांनी सुरुवात करणारेही आमच्याकडे आहेत.

५. योग चांगला, जिम चांगली, की नुसतं चालणं?

जो टिकेल तो. वरच्या २०२४ च्या आढाव्यात तिन्हींचा फायदा दिसला. योगावर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसोपचार संस्थेत बरंच काम झालं आहे. तिथल्या तज्ज्ञांच्या २००७ च्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाच्या ६१ रुग्णांना औषधांच्या जोडीला योग किंवा कवायतीसारखा व्यायाम दिला. चार महिन्यांनी योग करणाऱ्यांची मरगळ आणि अलिप्तपणा जास्त कमी झाला होता आणि लोकांत मिसळणं, काम करणं जास्त सुधारलं होतं. भ्रम-भास असलेल्यांनी तासन् तास डोळे मिटून ध्यान करणं, श्वास कोंडून ठेवण्याचे प्राणायाम हे मात्र टाळावं. आत वळल्यावर भास वाढण्याची भीती असते. आसनं आणि साधा श्वासोच्छ्वास ठीक आहे.

माझी स्वतःची आवड विचाराल तर लेझीम. शाळेत प्रत्येकाने कधीतरी हातात घेतलेली असते, त्यामुळे शिकवावी लागत नाही. तालात पाऊल टाकायचं म्हणजे शेजाऱ्याकडे लक्ष द्यावंच लागतं. ठेका चुकला की लोक हसतात आणि चुकणाराही हसतो. वर्षभर चेहऱ्यावरची रेघ न हललेल्या माणसाला हसताना पाहून त्याच्या आईचे डोळे भरून येतात.

६. सुरू करण्याआधी कोणत्या तपासण्या करायच्या?

रक्तदाब, नाडी, वजन, कंबरेचा घेर, रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल. भारतीयांसाठी कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपुढे गेली की सावध व्हायचं. चाळिशी उलटलेली असेल, छातीत दुखत असेल, घरात हृदयविकार असेल किंवा औषधांचा हृदयावर परिणाम होण्यासारखा असेल तर डॉक्टर ईसीजी काढायला सांगतील. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी येऊ नका. सध्याच्या सगळ्या गोळ्यांची यादी मात्र पहिल्याच दिवशी आणा, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून स्वतः आणलेल्याही. ती का लागते हे ११, १२ आणि १३ मध्ये कळेल.

७. माझा मुलगा दुपारी बारापर्यंत उठतच नाही. त्याला गटात आणायचं कसं?

आधी गोळ्यांची वेळ पाहा. रात्री अकराला घेतलेली गुंगीची गोळी सकाळी सातला पूर्ण उतरलेली नसते. ती लवकर घेता येईल का, एवढं डॉक्टरांना विचारल्याने बऱ्याच घरातली भांडणं थांबली आहेत. आमच्याकडे संध्याकाळचाही गट आहे, तो त्याच्यासाठी बरा.

दुसरं म्हणजे "आळशी" हा शब्द घरातून काढून टाका. इच्छाच न होणं हे नैराश्याचं आणि स्किझोफ्रेनियाचं लक्षण आहे. पहिल्या आठवड्यात व्यायामाचं नावही काढू नका. नुसतं कोपऱ्यापर्यंत बरोबर जाऊन दूध आणा. मग गटाच्या जागेपर्यंत या आणि बाकावर बसून बघा. बघायला येणाऱ्याला आम्ही ओढत नाही. एक काका पावसाळाभर छत्री घेऊन बाकावर बसायचे. गणपतीनंतर एके दिवशी चप्पल काढून आपणहून रांगेत उभे राहिले.

वडिलांपेक्षा मामा, आत्या, मित्र यांच्याबरोबर मुलं लवकर बाहेर पडतात, हेही सांगून ठेवते.

८. अ‍ॅडमिट असताना वॉर्डात जबरदस्तीने व्यायाम करून घेतात का? आम्ही करून घ्या म्हटलं तर?

घरच्यांनी म्हटलं तरी जबरदस्ती नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला सन्मानाने वागवलं जाण्याचा हक्क आहे. त्यात विरंगुळा आणि करमणुकीच्या सोयी येतात, आणि संस्थेत काम करायला भाग पाडलं जाऊ नये हेही येतं. वॉर्ड झाडून घेणं किंवा बादल्या वाहायला लावणं याला कोणी "व्यायामोपचार" म्हणत असेल तर ते चूक आहे, आणि तुम्ही तसं स्पष्ट सांगा. आग्रह करावा, रोज विचारावं, "नाही" म्हटलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावं.

९. स्किझोफ्रेनिया आहे, आवाज अजून येतात. तरी गटात यायचं का?

आवाज येत असले तरी वागणं शांत असेल आणि सूचना समजत असतील, तर या. स्किझोफ्रेनियात औषध हाच पाया. व्यायामाने आवाज थांबतील असं आम्ही सांगत नाही. दम वाढतो, मरगळ कमी होते, दिवसाला आकार येतो. गटात यायचं कारण फक्त मनाचं नाही: गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा सरासरी १० ते २० वर्षं आधी जातात, आणि त्यात हृदयविकारासारख्या टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांचा वाटा मोठा आहे. हे घरच्यांना फारच क्वचित सांगितलं जातं, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

संशय वाढलेला असताना, म्हणजे "हे सगळे माझ्याबद्दल बोलतात" असं वाटत असताना, मोठा गट नको. दोघंतिघंच चालतात. मागून येऊन खांद्याला हात लावायचा नाही, आसन दुरुस्त करायचं तर आधी विचारायचं.

१०. ओलान्झापिनने वजन पंधरा किलो वाढलं. व्यायामाने उतरेल?

नुसत्या व्यायामाने थोडंच उतरतं. ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही भ्रम-भासांवरची औषधं भूक वाढवतात, साखर आणि चरबीचा तोल बिघडवतात. त्यामुळे जेवण, व्यायाम आणि गरज पडली तर औषधात बदल या तिन्हींचा विचार एकत्र करावा लागतो. काटा हलला नाही म्हणून गट सोडू नका. वजन तेवढंच राहूनही दम आणि साखर सुधारू शकते. आम्ही गटात वजन सगळ्यांसमोर करत नाही.

११. लिथियम चालू आहे. काही वेगळी काळजी?

हो. हे उत्तर घरच्या सगळ्यांनी वाचा. लिथियमची उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार कमी असतं. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढू शकतं, म्हणून व्यायामाआधी आणि नंतर पाणी प्या. जुलाब-उलट्या झाल्या असतील त्या दिवशी व्यायाम नको आणि डॉक्टरांना फोन करा.

दोन गोष्टी सहज निसटतात. व्यायामाने अंग दुखलं की लोक मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणतात. या गोळ्यांनी लिथियमची पातळी वाढते. दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल का, एवढं आधीच विचारून ठेवा. दुसरं, व्यायामाबरोबर "आता मीठही बंद" असा उत्साह येतो. अचानक मीठ तोडलं तरी लिथियम वाढतं. हात जास्त थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या, गुंगी यांपैकी काही दिसलं तर वाट न पाहता दवाखान्यात न्या.

१२. उन्हाळ्यात गट बंद ठेवावा का?

बंद नको, वेळ बदला. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तिथे उजाडता उजाडता किंवा पंख्याखाली आतच. भ्रम-भासांवरच्या औषधांनी शरीराची उष्णता सांभाळण्याची ताकद कमी होऊ शकते. हातापायांच्या कडकपणावर दिली जाणारी ट्रायहेक्सीफेनिडिलसारखी गोळी घाम कमी करते. अंग तापलेलं, कातडी कोरडी आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर आजार वाढला असं समजून बसू नका. आधी सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

१३. सूर्यनमस्कारात उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. का?

बऱ्याच मानसोपचार औषधांनी उभं राहताना रक्तदाब घसरतो, विशेषतः औषध नवीन असताना किंवा डोस वाढवल्यावर. खाली वाकून झटकन वर येण्याच्या व्यायामात ते लगेच जाणवतं. अशा वेळी सूर्यनमस्कार संथ करा किंवा खुर्चीवरचे व्यायाम घ्या, आणि डॉक्टरांना सांगा.

क्लोझापिन नुकतंच सुरू झालं असेल तर आणखी जपा. पहिल्या काही आठवड्यांत क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. ताप, छातीत दुखणं, धाप किंवा बसल्या जागी धडधड असेल तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी दाखवा. धडधड-थरथर कमी करणारं प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्यांची नाडी फारशी वाढत नाही, म्हणून त्यांनी मनगटावरच्या घड्याळापेक्षा प्रश्न ४ मधली बोलण्याची खूण वापरावी.

१४. मला पॅनिक अटॅक येतात. छाती धडधडली की वाटतं, अटॅकच आला.

एकदा हृदय तपासून घ्या. ते ठीक असेल तर व्यायाम तुमच्या बाजूने आहे. धडधड, घाम, धाप या गोष्टी पॅनिकमध्येही होतात आणि जिना चढतानाही होतात. गटात त्या पुन्हा पुन्हा अनुभवल्या, दर वेळी काही मिनिटांत ओसरल्या, की शरीर त्यांना घाबरणं हळूहळू सोडतं. म्हणून वेग अगदी थोडा थोडा वाढवायचा. मध्येच भीती वाढली तर पळून घरी जाऊ नका, तिथेच सावकाश चालत राहा.

१५. बायपोलर आहे. हल्ली इतका उत्साह आहे की सकाळ-संध्याकाळ दोन्ही गटांत यावंसं वाटतं!

झोप किती होते? चार तास झोपूनही ताजंतवानं वाटत असेल, बोलणं वेगाने होत असेल, खर्च वाढला असेल, तर ही उन्मादाची सुरुवात असू शकते. आधी डॉक्टरांना भेटा. त्या काळात स्पर्धा, ढोल-ताशा आणि रात्रीचा व्यायाम नको. सकाळी एकदाच हलकं चालणं पुरे. नैराश्याच्या टप्प्यात हेच नियम उलटे होतात, तेव्हा आम्हीच तुम्हाला दोनदा फोन करू.

१६. मुलगी जेवत नाही, पण व्यायाम कधी चुकवत नाही. हे चांगलंच ना?

नाही, आणि इथे व्यायाम हाच आजाराचा भाग असू शकतो. वजन घटत चाललंय, पाळी थांबलीय, ताप असतानाही ती धावायला जाते, एक दिवस चुकला तर जेवण टाकते: अशा वेळी गटात आणू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. वजन आणि रक्ततपासण्या सावरल्यावर, उपचार करणाऱ्यांच्या संमतीने, हलके व्यायाम देता येतात.

१७. घरकामात दिवसभर राबते. वेगळा व्यायाम कशाला?

घरकामात श्रम होतात हे खरंच. पण ते करताना डोक्यात उद्याचा डबा आणि सासूबाईंची गोळी असते, आणि दिवसभर एकटीनेच करायचं असतं. गटातला अर्धा तास फक्त तुमचा. आमच्याकडे बायकांचा वेगळा गट आहे, फुगडी घाला, साडी नेसून या, काही अडत नाही. सकाळी जमत नसेल तर दुपारी, मुलं शाळेत असताना. घरचे "कशाला" म्हणत असतील तर डॉक्टरांनी केसपेपरवर तसं लिहून द्यावं, असं मी त्यांना सांगते. लिहिलेलं मानतात.

१८. गावात सगळ्यांना कळेल ना, हा वेड्यांचा गट म्हणून?

ही भीती खोटी नाही. म्हणून गटाचं नाव नुसतं "सकाळचा गट" आहे, आणि शुभंकर, परिचारिका, आम्ही, सगळे त्याच रांगेत असतो. बाहेरून बघणाऱ्याला कोण कोण ते कळत नाही. आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या कायद्यात आहे, आणि उपचार घेणाऱ्याचा फोटो संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. गटात मोबाइलवर फोटो काढायला आम्ही मनाईच केली आहे, वाढदिवस असला तरी.

१९. चालताना गटातल्या एकाने मला "जगावंसं वाटत नाही" असं सांगितलं. मी काय करू?

ऐकून घ्या, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी गटप्रमुखाला सांगा. "कोणाला सांगू नकोस" असं त्याने म्हटलं असलं तरी सांगा. तातडीची वेळ असेल तर जवळचं रुग्णालय. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत असते आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांसाठी एक सूचना: नैराश्य उतरताना कधी कधी अंगातली ताकद आधी परत येते आणि मनातली निराशा मागून जाते. "आता व्यायामाला जातोय, म्हणजे बरा झाला" असं धरून पहिल्या काही आठवड्यांत लक्ष काढून घेऊ नका.

२०. ईसीटी (भूल देऊन मेंदूला विजेचा हलका झटका देण्याचा उपचार) चालू आहे. त्या काळात गटात यायचं का?

ईसीटीच्या दिवशी नाही, कारण भूल दिलेली असते. मधल्या दिवशी डॉक्टर हो म्हणाले तर हलकं चालणं चालेल. या काळात अलीकडच्या गोष्टी विसरायला होतात. गटातल्यांची नावं आठवली नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका, आम्ही पुन्हा सांगू. रस्ता रोजचा असला तरी घरच्या कोणीतरी सोडायला आणि न्यायला यावं.